फौजेतल्या लोकांना जमलं ते आमच्या पडवीत जमेल का?

प्रश्न : संगमेश्वर तालुक्यातून लिहिते आहे. माझे यजमान ३४ वर्षांचे. मे महिन्यात हापूस उतरवताना फांदी मोडली आणि ते पाठीवर पडले. डी-१२ मणका मोडला. कोल्हापूरला ऑपरेशन करून रॉड-स्क्रू घातले. कमरेखाली हालचाल नाही, स्पर्शही कळत नाही. चार महिने पडवीतल्या खाटेवर आहेत. लघवीला कायमची नळी आहे. आता माकडहाडावर रुपयाएवढा लाल डाग आलाय. सासूबाई म्हणतात, हाड पुरतं जुळेपर्यंत त्याला हलवायचं नाही. चुलत सासरे फौजेतून निवृत्त झालेत. ते सांगतात, खडकीला असेच जखमी झालेले जवान व्हीलचेअरवर बसून बास्केटबॉल खेळतात. त्यावर सासूबाईंचं उत्तर, ‘त्यांच्यामागे सरकार आहे, आपल्यामागे कोण?’ एका खासगी ठिकाणी स्टेम सेलचं इंजेक्शन सुचवलंय, त्यासाठी बाग गहाण टाकावी लागेल. हे कुणाशी बोलत नाहीत, भिंतीकडे तोंड करून पडून असतात. कलमं बांधण्यात यांचा हात धरणारा पंचक्रोशीत कुणी नव्हता. फौजेतल्या लोकांना जे जमलं, ते आमच्यासारख्यांच्या घरात जमेल का?

उत्तर :

ताई, बाकी सगळं नंतर, आधी त्या लाल डागाचं बघू.

डागावर बोट दाबून सोडा. दाबल्यावर तो फिका पडत नसेल, तर कातडीच्या आत इजा सुरू झाली आहे असंच धरा. आजपासून, डाग पूर्ण जाईपर्यंत, त्या जागेवर अंगाचा भार पडू द्यायचा नाही. म्हणजे उताणं झोपवणं बंद. एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे, पण पूर्ण कुशीवर नको, कारण मग खुब्याच्या हाडावर भार येतो. पाठीमागे उशी देऊन अंग तिरकं ठेवा. दोन्ही गुडघ्यांच्या मध्ये एक उशी, आणि पोटऱ्यांखाली चादरीची घडी अशी ठेवा की टाचा खाटेला टेकणार नाहीत. दर दोन तासांनी बाजू बदलायची, रात्रीसुद्धा. वळवताना दोन माणसं लागतील. खांदे आणि कंबर एका रेषेत ठेवून एकदमच वळवा आणि ओढू नका, उचला. ओढताना चादरीवर घासूनच बऱ्याच जखमा सुरू होतात.

डाग चोळू नका. तेल लावून मालिश नको, शेक तर अजिबात नको. त्यांना चटका कळणार नाही, आणि शेकाच्या पिशवीनं भाजलेली माणसं आमच्या विभागात नेहमी येतात. हवेची गोल रिंग कुणी आणून दिली असेल तर ती बाजूला ठेवा, तिच्या कडांचा दाब पडून मधल्या भागाचा रक्तपुरवठा आणखी कमी होतो. कातडी फुटली, वास आला किंवा ताप भरला, तर त्याच दिवशी दवाखान्यात न्या.

इतकी घाई करते आहे, कारण मणक्याला दुखापत झालेली माणसं पूर्वी मणक्यामुळे मरत नसत. ती मरत या जखमेनं आणि लघवीच्या जंतुसंसर्गानं. हे सगळ्यात ठळकपणे दिसलं ते युद्धात. पहिल्या महायुद्धात फ्रान्समध्ये काम केलेले अमेरिकन सर्जन हार्वे कुशिंग यांनी नोंदवून ठेवलंय की अशा जखमींपैकी ८० टक्के पहिल्या काही आठवड्यांतच दगावले, आणि कारणं ही दोनच, दाबानं होणाऱ्या जखमा आणि नळीतून शिरणारे जंतू.

त्याच युद्धाच्या काळात, १९१७ साली, लुडविग गुटमन नावाचा अठरा वर्षांचा ज्यू मुलगा जर्मनीतल्या एका खाणगावच्या इस्पितळात स्वयंसेवक होता. पाठ मोडलेला एक धडधाकट खाणकामगार तिथं आणला गेला. गुटमन त्याची नोंद लिहायला लागला, तर त्याला सांगण्यात आलं की याच्यासाठी लिहिण्याची तसदी घेऊ नकोस, हा काही आठवड्यांचाच सोबती. पाच आठवड्यांनी तो माणूस गेला. पुढे गुटमन मेंदू आणि मज्जासंस्थेचे नावाजलेले डॉक्टर झाले, नाझींच्या छळामुळे १९३९ साली देश सोडून इंग्लंडला आले, आणि १ फेब्रुवारी १९४४ रोजी लंडनच्या वायव्येला, स्टोक मँडव्हिलच्या इस्पितळात, त्यांच्या हाती २६ खाटांचा एक वॉर्ड दिला गेला. दुसरं महायुद्ध चालू होतं, फ्रान्सच्या नॉर्मंडी किनाऱ्यावरच्या चढाईत पाठीचे जखमी मोठ्या संख्येनं येणार हे सरकारला दिसत होतं, म्हणून ती तयारी. अशा रुग्णांची जबाबदारी घ्यायला त्या काळी फारसं कुणी उत्सुक नव्हतं.

गुटमन यांच्याकडे कसलंही नवं औषध नव्हतं. प्लॅस्टरच्या साच्यात अडकवून आणलेल्या जवानांना त्यांनी त्या साच्यांतून बाहेर काढलं. दर दोन तासांनी प्रत्येकाची बाजू बदलायची, दिवसा आणि रात्री, असा नियम केला आणि तो पाळला जातोय का हे बघायला स्वतः रात्री-अपरात्री वॉर्डात येऊ लागले. पेनिसिलिन त्याच सुमाराला हाती आलं आणि त्याची मोठी मदत झाली. पण हाडाखालचा दाब तसाच राहिला, तर कुठल्याही औषधानं ती जखम भरत नाही. आज तुम्हाला मी जे दोन तास सांगितले, ते त्या वॉर्डातलेच दोन तास आहेत.

आता तुमचा खरा प्रश्न, की हे घरात जमेल का. ताई, मी सगळं श्रेय फौजेला द्यायला तयार नाही. बॉस्टनमध्ये डोनाल्ड मन्रो यांनी १९३० च्या दशकातच साध्या नागरिकांसाठी असा वॉर्ड सुरू केला होता आणि मूत्राशय, कातडी, हालचाल या तिन्हींकडे तिथं नेटानं लक्ष दिलं जात होतं. युद्धानं त्या पद्धतीला तीन गोष्टी मिळवून दिल्या. दिवसरात्र पुरतील इतके हात मिळाले, सगळे उपचार एका छपराखाली आले, आणि जखमी माणसाला पोटापाण्याची हमी मिळाली. जवानाचं शौर्य किंवा त्याचं शरीर यात कुठे येत नाही. सरकार मागे असण्याबद्दल सासूबाई बोलल्या ते म्हणूनच अगदी बरोबर आहे. जवानाला पेन्शन असते. आंब्याच्या झाडावरून पडलेल्या माणसाला ती नसते. आपल्या देशात मणक्याच्या दुखापतींचं मोठं कारण उंचावरून पडणं हेच आहे, तरीही अशा माणसांसाठी खडकीसारखी व्यवस्था प्रत्येक जिल्ह्यात उभी राहिली नाही याची मला चीड आहे. पण त्या तीन गोष्टींतलं निदान थोडं तरी तुम्हाला आज मिळवता येईल.

हातांपासून सुरुवात करा. तुम्ही एकट्या दिवसरात्र दर दोन तासांनी उठलात तर महिन्याभरात आजारी पडाल. घरात, वाडीत विश्वासाची चार माणसं निवडा, आणि कोण कुठल्या वेळी येणार हे कागदावर लिहून खाटेजवळ लावा. रात्रीचं काम चुलत सासऱ्यांना मागा. फौजेत त्यांनी पहारे दिलेत, ते नाही म्हणणार नाहीत. हवेची गादी मिळाली तर घ्या, पण तिच्या भरवशावर वळवणं थांबवू नका. कातडी शाबूत राहते आहे असं काही आठवडे दिसलं की डॉक्टरांच्या सल्ल्यानं वेळेचं अंतर वाढवता येतं. मणक्याच्या सर्जननी परवानगी दिली की पालथं झोपण्याची सवय करता येते, मग तुम्हाला सलग झोप मिळेल. तुमची झोप हाही या उपचाराचाच भाग आहे, तो सोडून देऊ नका.

हाड जुळेपर्यंत न हलवण्याच्या गोष्टीवर सासूबाईंशी वाद घालू नका, कारण त्यांच्या म्हणण्यालाही आधार आहे. खुद्द गुटमन मणक्याच्या ऑपरेशनच्या विरोधात होते. उशा रचून, पाठीला बाक देऊन ते रुग्णांना कित्येक आठवडे झोपवूनच ठेवत आणि हाड जुळल्यावर बसवत. त्यांची ती पद्धत आता बहुतेक ठिकाणी मागे पडली, कारण रॉड-स्क्रू घालून मणका स्थिर केला की माणसाला लवकर बसवता येतं. तुमच्या यजमानांचं ऑपरेशन होऊन चार महिने झालेत. एक्स-रे घेऊन सर्जनना सरळ विचारा, ‘आता बसवू का? पट्टा लागेल का?’ सर्जन सासूबाईंच्या समोर ‘बसवा’ म्हणाले, तर निम्मं भांडण तिथंच मिटेल. मात्र तो डाग जाईपर्यंत त्यावर बसवायचं नाही. आणि पहिल्यांदा बसवाल तेव्हा एकदम नव्वद अंशांत बसवू नका, चक्कर येते. पाठ हळूहळू, काही दिवसांत उंच करत न्या.

लघवीच्या नळीबद्दल मला थोडं जास्त लिहायचं आहे, कारण तुम्ही तो विषय एका ओळीत उरकलात, आणि पुढची तीस-चाळीस वर्षं त्यांची किडनी कशी राहणार हे त्याच ओळीवर ठरणार आहे. कायम आत राहणारी नळी म्हणजे जंतूंना उघडा रस्ता. गुटमन यांनी ती टाळून ठरावीक वेळांनी नळी घालायची, मूत्राशय रिकामं करायचं आणि नळी काढून घ्यायची ही पद्धत काटेकोरपणे राबवली. सगळं निर्जंतुक असावं म्हणून नळी घालायचं काम ते वॉर्डातल्या डॉक्टरांकडूनच करून घेत. असलं काम घरी कोण करणार? १९७२ साली अमेरिकेतले मूत्ररोगतज्ज्ञ जॅक लॅपिडस यांनी दाखवून दिलं की इतक्या निर्जंतुकपणाची घरात गरज नाही. हात साबणानं नीट धुतलेले हवेत, नळी स्वच्छ हवी, आणि मुख्य म्हणजे मूत्राशय तुडुंब भरून ताणलं जाता कामा नये. इस्पितळातली गोष्ट घरात आली ती अशी. आज आम्ही तिला सीआयसी (क्लीन इंटरमिटंट कॅथेटरायझेशन), म्हणजे स्वच्छ नळी ठरावीक वेळांनी घालून काढणं, म्हणतो. साधारण दर चार ते सहा तासांनी करायचं, एका वेळी ५०० मिलिलीटरपेक्षा जास्त लघवी साठू द्यायची नाही. तुमच्या यजमानांचे हात चांगले आहेत, ते स्वतः शिकू शकतात. त्यांनी स्वतःच शिकावं असा माझा आग्रह आहे, तुमच्याही आणि त्यांच्याही दृष्टीनं. आधी मूत्ररोगतज्ज्ञांना दाखवा, सोनोग्राफी आणि मूत्राशयाच्या दाबाची तपासणी करून घ्या, ते योग्य म्हणाले तरच कायमची नळी काढायची. स्वतःच्या मनानं ती ओढून काढू नका. किडनीची सोनोग्राफी मग दरवर्षी.

शौचाचीही एक वेळ ठरवा. सकाळी चहा-नाश्ता झाल्यावर आतडी आपोआप हलतात, तीच वेळ धरा आणि रोज तीच ठेवा. पुढची पद्धत प्रत्येकाच्या दुखापतीप्रमाणे वेगळी असते, ती पुनर्वसन विभागात शिकवतात.

हे सदर वाचणाऱ्या इतर घरांसाठी एक गोष्ट इथंच सांगून ठेवते, तुमच्या यजमानांना ती लागू नाही. ज्यांची दुखापत डी-६ (छातीमागचा सहावा मणका) किंवा त्याच्या वर आहे, त्यांचं डोकं अचानक ठणकू लागलं, चेहरा लाल होऊन घाम सुटला, रक्तदाब चढला, तर ती आणीबाणी असते. हेही पहिल्या महायुद्धातल्या जखमींवरच, १९१७ साली, हेड आणि रिडॉक या ब्रिटिश डॉक्टरांनी नोंदवलं, आणि गुटमन व व्हिटरिज यांनी १९४७ साली मूत्राशय ताणल्यावर रक्तदाब कसा उसळतो ते मोजून दाखवलं. रुग्णाला लगेच बसतं करा, घट्ट कपडे सैल करा, नळी कुठे मुडपली किंवा तुंबली आहे का बघा, आणि आराम पडला नाही तर दवाखाना गाठा.

आता बाग गहाण टाकण्याबद्दल. टाकू नका. मणक्याच्या दुखापतीत स्टेम सेलनं चालता येतं असं आजवर सिद्ध झालेलं नाही. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार असा उपयोग मान्यता मिळालेल्या चाचणीबाहेर करायचा नसतो, आणि खऱ्या चाचणीत रुग्णाकडून उपचाराचे पैसे घेत नाहीत. पैसे मागितले, इथंच उत्तर मिळालं. ती बाग तुमच्या घराची पेन्शन आहे. व्हीलचेअरला रॅम्प, संडासाचं रुंद दार, मापाची खुर्ची आणि चांगली उशी यांवर तिच्यातून काही खर्च झाला तर तो खर्च कामी येईल.

एका छपराखालच्या उपचारांसाठी मुंबईला हाजी अलीजवळची अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था आहे. केंद्र सरकारची, १९५५ पासूनची, नागरिकांसाठीच. तिथं नाव नोंदवा. खडकीचं पॅराप्लेजिक पुनर्वसन केंद्र १९७४ चं, पण ते फौजींसाठी आहे, तिथं तुम्हाला प्रवेश मिळणार नाही. दिल्लीच्या इंडियन स्पायनल इंज्युरीज सेंटरचं नाव कुणी तुम्हाला सुचवेल, म्हणून त्याबद्दल दोन शब्द. मेजर एच. पी. एस. अहलुवालिया १९६५ च्या मे महिन्यात एव्हरेस्टवर चढले आणि त्याच वर्षीच्या युद्धात गोळी लागून अपंग झाले. उपचारांसाठी ते स्टोक मँडव्हिललाच गेले होते. परत आल्यावर त्यांनी धडपडून हे केंद्र उभं केलं, आणि ते फक्त जवानांसाठी ठेवलं नाही, सगळ्यांसाठी खुलं केलं. लांब आहे, हाजी अली तुम्हाला जवळ पडेल. यूडीआयडी कार्डासाठी, म्हणजे अपंगत्वाच्या सरकारी ओळखपत्रासाठी, अर्जही आत्ताच करा. ४० टक्के किंवा जास्त अपंगत्वाचं प्रमाणपत्र असल्याशिवाय बहुतेक सवलतींचं दार उघडत नाही.

राहिलं ते भिंतीकडे तोंड करून पडणं. याला मी हट्ट म्हणणार नाही, आणि तुम्हीही म्हणू नका. झाडावर सरसर चढणारा माणूस तो, त्याचं काय गेलंय ते त्यालाच ठाऊक. जेवण तुटलं असेल, झोप उडाली असेल, जगण्यात अर्थ नाही असं ते बोलले असतील, तर मानसोपचारतज्ज्ञांना दाखवायला एक दिवसही थांबू नका. औषधानं यात खरंच फरक पडतो.

आणि एक विनंती. त्यांना लगेच मुरलीकांत पेटकरांची गोष्ट ऐकवू नका. तुमच्या शेजारच्या सांगली जिल्ह्यातले पेटकर, १९६५ च्या युद्धात गोळ्या झेललेले, १९७२ साली हायडेलबर्गला ५० मीटर पोहण्यात भारताला पॅरालिम्पिकचं पहिलं वैयक्तिक सुवर्णपदक मिळवून देणारे. मला त्यांच्याबद्दल अपार आदर आहे. पण चौथ्या महिन्यात, खाटेवरून उठता न येणाऱ्या माणसाला पदकाची गोष्ट सांगितली की त्याला वाटतं, हेही माझ्याच्यानं होणार नाही. गुटमन यांनी वॉर्डात खेळ आणले ते पदकांसाठी नव्हे. धनुष्य ओढताना खांदे आणि पाठ बळकट होतात, तोल सावरायला शिकायला मिळतं, आणि संध्याकाळ जाते. २९ जुलै १९४८ रोजी, लंडन ऑलिम्पिकच्या उद्घाटनाच्याच दिवशी, त्यांनी इस्पितळाच्या आवारात १६ जखमी स्त्री-पुरुषांची तिरंदाजीची स्पर्धा भरवली. त्या लहानशा स्पर्धेतून पुढे १९६० च्या रोमच्या स्पर्धा आणि पॅरालिम्पिक उभं राहिलं. चुलत सासऱ्यांनी खडकीत पाहिलेलं बास्केटबॉलही त्याच परंपरेतलं.

तिरंदाजीपेक्षा मला त्या वॉर्डातल्या कामाच्या खोल्या जास्त महत्त्वाच्या वाटतात. लाकूडकाम, घड्याळं दुरुस्त करणं असली कामं रुग्णांना इस्पितळात असतानाच दिली जात, बरं झाल्यावर बघू म्हणून थांबत नसत. तुमच्या पत्रातली कलमांची ओळ वाचून मी थांबले. कलम बांधायला पाय लागत नाहीत. डाग बरा झाला, बसायची परवानगी मिळाली की त्यांच्यासमोर त्यांच्या उंचीचं टेबल, रोपांच्या पिशव्या, कलमाचा चाकू आणि पट्टी ठेवा. आज पडल्या-पडल्यासुद्धा वाडीतल्या एखाद्या पोराला शिकवायला सांगा. पोरानं खाच चुकीची घेतली की ते भिंतीकडचं तोंड वळवतील असं मला वाटतं. बागेचा हिशेब, व्यापाऱ्याशी फोनवरचं बोलणंही त्यांच्याकडेच राहू द्या. त्यांना विचारल्याशिवाय घरातला कुठलाही निर्णय घेऊ नका, स्टेम सेलला नकार देण्याचासुद्धा.

चुलत सासऱ्यांकडून आणखी एक काम करून घ्या. खडकीत त्यांची ओळख असेल तर तिथल्या एखाद्या जवानाशी तुमच्या यजमानांचं फोनवर बोलणं घडवून आणा. बास्केटबॉलबद्दल नको. रात्री नळी कशी घालता, खाटेवरून खुर्चीत कसे जाता, बायकोशी काय बोलता, असं. नवऱ्या-बायकोच्या नात्याबद्दलचे आणि मूल होण्याबद्दलचे प्रश्नही तुमच्या दोघांच्या मनात असणार. त्यांना उत्तरं आहेत, उपचारही आहेत. पुनर्वसनाच्या डॉक्टरांना न लाजता विचारा.

डाग पूर्ण गेल्यावर मुंबईला निघाल तेव्हा बैठ्या गाडीनं सलग जाऊ नका. आडवं झोपता येईल अशी गाडी करा, वाटेत दर दोन तासांनी थांबून बाजू बदला, आणि पुढे खुर्चीत बसू लागले की दर पंधरा-वीस मिनिटांनी त्यांनी पुढे झुकून किंवा हातांवर जोर देऊन बूड उचलायचं. सोबत ऑपरेशनचे कागद, जुने-नवे एक्स-रे, डागाचा रोज एक याप्रमाणे काढलेला फोटो, आणि चार दिवसांत किती पाणी प्यायले व किती लघवी झाली याची वही घ्या. एका पोटरीला सूज आली, ती गरम लागली किंवा दम लागला, तर मुंबईची वाट न बघता जवळचं रुग्णालय गाठा.